रेव्ह आणि जंगलच्या जुन्या तबकड्या : कोठून सुरुवात करावी, काय पाहून घ्यावे

प्रश्न थोडक्यात असा. पुण्यातील एका श्रोत्यांना इंटरनेटवरून १९९० ते १९९६ या काळातील ब्रिटिश रेव्ह आणि जंगल या वेगवान इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताची गोडी लागली आहे आणि आता त्या काळच्या मूळ तबकड्या त्यांना जमवायच्या आहेत. सुरुवात कशापासून करावी, मूळ प्रेसिंग (साच्यातून काढलेली पहिली खेप) आणि नंतरचे प्रेसिंग यांतला फरक कसा ओळखावा, आपल्या हवेत या तबकड्या टिकतात का, आणि या संगीताचा गोव्याशी व मुंबईशी संबंध असल्याचे जे सांगितले जाते त्यात तथ्य किती, असे त्यांनी विचारले आहे. मी अनेक वर्षे लंडनमध्ये याच काळातल्या बारा इंची तबकड्यांची खरेदी-विक्री करतो, त्यामुळे उत्तरही बहुतांशी व्यवहाराच्या अंगाने देतो.

सर्वप्रथम, ‘सर्वोत्तम शंभर रेकॉर्ड’ अशा धर्तीच्या याद्या बाजूला ठेवाव्यात, असे मी आग्रहाने सांगेन. त्या याद्यांमधील तबकड्या वाईट असतात असे नाही, पण यादी हाती घेऊन बाजारात उतरणारे शेकडो जण एकाच दहा-वीस नगांच्या मागे असतात आणि त्यांचे भाव त्यामुळेच चढलेले असतात. त्याहून महत्त्वाचे कारण असे की, हे संगीत घरी बसून अल्बम ऐकणाऱ्यांसाठी निर्माण झालेलेच नव्हते. बारा इंची तबकडी हे डीजेच्या हातातले हत्यार होते. पहिल्या खेपेला पाचशे-हजार प्रती काढायच्या, गाडीच्या डिकीत टाकून दुकानोदुकानी पोहोचवायच्या, पायरेट (विनापरवाना) रेडिओवर वाजवून घ्यायच्या आणि मागणी आली तरच पुन्हा प्रेस करायच्या, अशी ही पद्धत होती. कलाकाराच्या नावाला या व्यवस्थेत फारसे स्थान नव्हते. उत्तर लंडनमधील ‘फोरहीरो’ हीच मंडळी ‘टॉम अँड जेरी’ या नावाने वेगळ्या धाटणीच्या तबकड्या काढीत. निर्माता-डीजे गोल्डी कधी ‘रुफिज क्रू’ म्हणून येतो, तर कधी ‘मेटलहेड्स’ म्हणून. ‘ओम्नी ट्रिओ’ या नावावरून तिघांचा समज होतो, पण तो रॉब हेग हा एकटाच माणूस आहे. कलाकाराच्या नावाने शोध घेणारा माणूस या टोपणनावांच्या गर्दीत हरवतो. लेबल, दुकान आणि तबकडीच्या साच्यासाठी खाचा जिथे कापल्या गेल्या ती कटिंग रूम, या तीन धाग्यांनी शोध घेणाऱ्याला मात्र एका तबकडीतून पुढची तबकडी आपोआप सापडत जाते.

म्हणून माझा सल्ला असा की, एक लेबल आणि दोन-तीन वर्षांचा काळ निवडावा आणि तेवढेच नीट ऐकावे. नव्या संग्राहकाला मी बहुधा १९९२ ते १९९४ या काळातील ‘मूव्हिंग शॅडो’ सुचवतो. रॉब प्लेफर्ड यांनी स्टीव्हनेज या लंडनच्या उत्तरेकडील गावातून १९९० मध्ये हे लेबल सुरू केले. त्याच्या तबकड्या बऱ्यापैकी संख्येने निघाल्या, त्यांचे कटिंग चांगले आहे, आणि अनुक्रमांकाने त्या ओळीने ऐकल्या तर रेव्हचे हार्डकोअर (त्याचा वेगवान, आक्रमक प्रकार) जंगलमध्ये कसे उतरत गेले ते कानांना स्पष्ट कळते. ज्यांना अधिक कडवट, अंधारे संगीत आवडते त्यांनी डॉलिस हिलच्या ‘रीइन्फोर्स्ड’कडे वळावे, त्यांच्या तबकड्यांवर ‘रिव्हेट’ या शब्दाने सुरू होणारा क्रमांक असतो. रॉमफर्डच्या ‘बूगी टाइम्स’ या दुकानातून निघालेले ‘सबर्बन बेस’ हे तिसरे नाव. दुकानदार रोज काउंटरवर काय खपते ते पाहतो आणि तेच प्रेस करतो, या नात्याचे इतके उघड उदाहरण दुसरे नाही. गोल्डी आणि केमिस्ट्री व स्टॉर्म या डीजे जोडीने १९९४ मध्ये काढलेले ‘मेटलहेड्झ’ हे लेबल मोठेच आहे, पण सुरुवात तेथून करू नये, असे माझे मत आहे. तेथपर्यंत हे संगीत स्वतःविषयी जागरूक झालेले आहे, आणि आधीचा गोंगाट न ऐकता थेट तेथे पोहोचलेल्या श्रोत्याला त्या सफाईची किंमत कळत नाही.

इतिहासाची रूपरेषा आपल्याला बहुधा ठाऊक असेल, म्हणून ती भरभर सांगतो. शिकागोचे हाउस आणि डेट्रॉइटचे टेक्नो १९८७-८८ च्या सुमारास ब्रिटनमध्ये आले आणि अॅसिड हाउसच्या पार्ट्या सुरू झाल्या. १९९०-९१ मध्ये ‘शट अप अँड डान्स’ आणि ‘रीइन्फोर्स्ड’ यांसारख्या मंडळींनी त्याला हिप-हॉपचे ब्रेकबीट (जुन्या गाण्यांतून उचललेले ड्रमचे तुकडे) आणि जमैकन साउंड सिस्टिमचा बेस जोडला. १९९२ मध्ये हे हार्डकोअर लोकप्रियतेच्या शिखरावर होते. १९९३ मध्ये एक वाट अंधाऱ्या आवाजांकडे गेली आणि दुसरी पियानो आणि पोरकट वाटणाऱ्या आवाजांच्या हॅपी हार्डकोअरकडे; पहिल्या वाटेवर १९९४ मध्ये जंगल उभे राहिले आणि पुढच्या दोन वर्षांत त्याला ड्रम अँड बेस म्हणू लागले. मे १९९२ मधील कॅसलमॉर्टनच्या मोठ्या मोफत रेव्हनंतर सरकारने १९९४ चा फौजदारी न्याय कायदा आणला आणि त्यात ‘एकामागून एक पुनरावृत्त होणाऱ्या ठेक्यां’चा शब्दशः उल्लेख केला, हे त्या काळच्या वातावरणाची कल्पना येण्यापुरते पुरेसे आहे.

रेंगाळण्याजोगी गोष्ट आहे ती ठेक्याची. ‘द विन्स्टन्स’ या अमेरिकन सोल बँडने १९६९ मध्ये ‘अमेन, ब्रदर’ हे वाद्यगीत एका सात इंची तबकडीच्या मागच्या बाजूला टाकले. त्यात ग्रेगरी कोलमन यांनी एकट्या ड्रमवर वाजवलेल्या चार आवर्तनांच्या, सुमारे सात सेकंदांच्या तुकड्यावर जंगलचा फार मोठा भाग उभा आहे. १९८६ पासून निघालेल्या ‘अल्टिमेट ब्रेक्स अँड बीट्स’ या संकलनमालेमुळे तो तुकडा निर्मात्यांच्या हाती सहज आला. अकाईच्या त्या काळच्या सॅम्पलरची (ध्वनीचे तुकडे साठवून वाजवणाऱ्या यंत्राची) स्मृती इतकी तोकडी होती की, अनेक जण मिनिटाला तेहतीस फेऱ्यांची तबकडी पंचेचाळीसवर वाजवून नमुना घेत आणि मग सॅम्पलरमध्ये त्याचा स्वर खाली आणत. वेळ वाचे आणि आवाजाला एक खरखरीत दाणेदारपणा येई. मिनिटाला सुमारे १३६ मात्रांचा तो ठेका १६० च्या पुढे नेला, त्याचे तुकडे करून क्रम बदलला आणि खाली निम्म्या गतीचा बेस ठेवला की जंगलचा सांगाडा तयार होतो. नवीन श्रोत्याने मूळ ‘अमेन, ब्रदर’ आणि जंगलची एखादी तबकडी लागोपाठ ऐकावी. स्नेअरचा कोणता ठोका कोठून उचलून कोठे बसवला आहे हे शोधू लागले की कान तयार होतो आणि संग्रहाची दिशाही ठरते. कोलमन २००६ मध्ये वारले आणि या तुकड्यातून त्यांना काहीही मिळाले नाही. २०१५ मध्ये चाहत्यांनी वर्गणी काढून सुमारे २४,००० पौंड बँडचे प्रमुख रिचर्ड स्पेन्सर यांना दिले, एवढीच काय ती भरपाई.

आता मूळ प्रेसिंगची ओळख. विक्रेत्याने काय लिहिले आहे यापेक्षा तबकडी स्वतः काय सांगते ते पाहावे. शेवटची खाच आणि लेबल यांच्यामधला जो गुळगुळीत पट्टा असतो, त्यावर तिरका प्रकाश पाडला की कोरलेली वा ठोकलेली अक्षरे दिसतात : क्रमांक, बाजू, आणि पुष्कळदा कटिंग करणाऱ्याची सही. ‘पोर्की’ असे कोरलेले दिसले तर ती जॉर्ज पेकहॅम यांची खूण. ‘निल्झ’ आणि ‘द एक्स्चेंज’ म्हणजे लंडनच्या कॅम्डन भागातील ‘द एक्स्चेंज’ येथील निलेश पटेल. ‘स्टुअर्ट’ आणि ‘कॉपीमास्टर्स’ म्हणजे स्टुअर्ट हॉक्स, ज्यांच्या हातून पुढे ड्रम अँड बेसच्या असंख्य तबकड्या गेल्या. ही नावे ओळखीची झाली की ती शिफारशीसारखी वापरता येतात. बेस कितपत खोल ठेवावा आणि सुई उडू नये म्हणून त्याला मध्यभागी कसा बांधावा, हे या माणसांना कळत होते. त्यांची सही असलेली अनोळखी तबकडी मी पुष्कळदा न ऐकताही घेतो. नंतरच्या प्रेसिंगसाठी कटिंग नव्याने झाले असेल तर ही सही आणि हस्ताक्षर बदलते. म्हणून इंटरनेटवर घेताना लेबलाच्या छायाचित्राइतकेच या पट्ट्याचे छायाचित्र मागावे. जो विक्रेता ते द्यायला कुरकुर करतो, त्याच्याकडून महागडी तबकडी घेऊ नये.

दुसरी खूण मला फार आवडते, कारण ती कोणी मुद्दाम ठेवलेली नाही. त्या काळी छोटी लेबले आपला दूरध्वनी क्रमांक लेबलावरच छापत, आणि ब्रिटनचे क्रमांक त्याच काळात वारंवार बदलले. मे १९९० पर्यंत लंडनचा संकेतांक ०१ होता. त्यानंतर आतल्या लंडनला ०७१ आणि बाहेरच्या लंडनला ०८१ आले. एप्रिल १९९५ मध्ये त्यांचे ०१७१ आणि ०१८१ झाले, पण नवे क्रमांक ऑगस्ट १९९४ पासूनच चालू होते. २००० मध्ये सगळे ०२० झाले. लेस्टरचा ०५३३ हा संकेतांक १९९५ मध्ये जाऊन ०११६ आला, त्यामुळे तेथील ‘फॉर्मेशन’च्या तबकड्यांनाही हाच हिशेब लागू पडतो. समजा, कोणी १९९२ ची पहिली खेप म्हणून तबकडी विकत आहे आणि तिच्या लेबलावर ०१८१ छापलेले आहे, तर ती पहिली खेप असू शकत नाही. तेथे वाद घालण्याचे कारणच उरत नाही. उलट बाजूने मात्र हा पुरावा चालत नाही. जुनेच लेबल तसेच्या तसे वापरून पुन्हा प्रेस केलेल्या तबकड्या आहेत, आणि बनावट प्रतींवर तर जुना क्रमांक हौसेने छापलेला असतो. नवा क्रमांक दावा खोडून काढतो. जुना क्रमांक दावा सिद्ध करत नाही, एवढे ध्यानात ठेवावे.

व्हाइट लेबल या प्रकाराविषयी लोकांच्या मनात अवास्तव आकर्षण आहे. कोरे पांढरे लेबल, त्यावर फार तर रबरी शिक्का किंवा पेनाने लिहिलेले नाव. दुर्मीळ वाटावे असे सगळे काही त्यात आहे. परंतु बहुतेक व्हाइट लेबल ही छापील लेबल तयार होण्याआधी डीजे आणि दुकानांना वाटलेली त्याच साच्यातली प्रत असते, तिचा आवाज वेगळा नसतो, आणि कोऱ्या लेबलावर शिक्का मारणे आजही कोणालाही जमते. जे संगीत केवळ व्हाइट लेबलवरच निघाले त्याची गोष्ट वेगळी. डबप्लेट हा याहून नाजूक विषय आहे. उत्तर लंडनमधील ‘म्युझिक हाउस’ येथे डीजे मंडळी आठवड्याच्या शेवटी रांग लावून अप्रकाशित संगीत बहुधा दहा इंची अॅसिटेटवर कापून घेत. ही रीत रेगे साउंड सिस्टिमकडून आलेली. अॅल्युमिनियमच्या चकतीवर लाखेसारखा थर असलेली ती प्लेट काही डझन वेळा वाजली की तिच्यातले वरचे सूर झिजतात. तेव्हा ती इतिहासाची वस्तू म्हणून घ्यावी. रोज वाजवायची असेल तर पैसे दुसरीकडे खर्च करावेत.

तबकडीची अवस्था विक्रेते ‘नियर मिंट’, ‘व्हीजी प्लस’, ‘व्हीजी’ अशा उतरत्या श्रेणींत सांगतात, पण या श्रेणी मुळात घरी ऐकल्या गेलेल्या रेकॉर्डसाठी बनलेल्या आहेत. क्लबमध्ये वाजलेल्या तबकडीची झीज निराळी असते. डीजे पहिला ठोका शोधण्यासाठी सुई खाली ठेवून तबकडी हाताने मागे-पुढे घासतो, त्यामुळे पहिल्या काही सेकंदांत सतत फुसफुस येते आणि पुढचा सगळा भाग स्वच्छ असतो. डोळ्यांना हे दिसत नाही. म्हणून पहिल्या अर्ध्या मिनिटाची ध्वनिफीत मागावी. ज्या तबकडीची सुरुवात शांत, तरंगत्या सुरांनी होते तिच्या बाबतीत तर हे टाळूच नये. लेबलावर मार्करने लिहिलेले कोणा डीजेचे नाव, गती किंवा चांदणी यामुळे भाव खाली येतो; वाजवणाऱ्याने अशी तबकडी आनंदाने घ्यावी. केसासारखे वरवरचे ओरखडेही मोठ्या आवाजात कापलेल्या पंचेचाळीस गतीच्या एकेका बाजूवर सहसा ऐकू येत नाहीत. एका बाजूला तीन-चार गाणी दाटीने बसवलेल्या संकलनाच्या तबकडीवर तेच ओरखडे त्रास देतात, कारण तिथे खाचा अरुंद आणि आवाज कमी असतो.

पुनर्प्रकाशनांना नाके मुरडणारे संग्राहक मला फारसे पटत नाहीत. ‘नाइटफोर्स’ हे १९९२ पासूनचे लेबल आणि ‘व्हायनल फनॅटिक्स’ यांनी गेल्या काही वर्षांत कितीतरी दुर्मीळ हार्डकोअर आणि जंगल तबकड्या मूळ निर्मात्यांशी बोलून नव्याने काढल्या आहेत. ज्यांना त्या काळी काहीच मिळाले नाही, त्यांच्या हाती त्यातून काही पैसे पोहोचतात. जुनी प्रत मी विकली तर फक्त माझ्या हाती पोहोचतात. मूळ प्रेसिंग काही वेळा अगदी सुमार व्हायनलवर (तबकडीच्या प्लास्टिकवर) झालेले असते, आणि तेथे नवे कटिंग उघडच सरस ठरते. काही वेळा मात्र नव्या कटिंगसाठी मूळ टेप सापडलेली नसते आणि जुन्या तबकडीवरूनच आवाज उतरवलेला असतो. ते लेबल प्रामाणिक असेल तर तसे सांगते. माझा स्वतःचा नियम साधा आहे : आवडलेले संगीत आधी पुनर्प्रकाशनात घ्यावे, आणि वर्षभरानंतरही ते वारंवार हाती येत असेल तरच मूळ प्रतीमागे लागावे.

गोवा आणि मुंबईविषयी. हणजुण्याच्या (अंजुना) किनाऱ्यावरील पार्ट्यांमधून ट्रान्स हा नृत्यसंगीताचा प्रकार उभा राहिला हे खरे, पण तेथील डीजे तबकड्यांवर फारसे विसंबून नव्हते. उन्हात आणि धुळीत व्हायनल टिकत नाही, म्हणून तेथे आधी कॅसेट आणि नंतर डॅट (डिजिटल) टेप चालत, आणि गोवा ट्रान्सच्या तबकड्या प्रेस झाल्या त्या मुख्यतः इंग्लंड-युरोपात. तेव्हा जंगलच्या जुन्या रेकॉर्डी गोव्याच्या बाजारात सापडतील या आशेवर तेथे फेरी मारू नये. जंगल हे पूर्व आणि उत्तर लंडनच्या वस्त्यांचे, ब्रिस्टलचे आणि मिडलँड्सचे संगीत आहे. मुंबईचे नाव निघते ते चरणजित सिंग यांच्यामुळे. हिंदी चित्रपटसंगीतात वाजवणाऱ्या या वादकाने १९८२ मध्ये रोलंडची टीबी-३०३, टीआर-८०८ आणि ज्युपिटर-८ ही सिंथेसायझर व ड्रम मशीन घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले आणि एचएमव्हीने ती तबकडी काढली. ती फारशी खपली नाही. २०१० मध्ये ‘बॉम्बे कनेक्शन’ या डच लेबलने ती पुन्हा काढल्यावर जगभर गाजावाजा झाला, कारण शिकागोच्या अॅसिड हाउसशी तिचे ध्वनिसाम्य खरोखर चकित करणारे आहे. मात्र अॅसिड हाउसचा शोध मुंबईत लागला असे जे अभिमानाने सांगितले जाते ते मला मान्य नाही. शिकागोच्या मंडळींनी ती तबकडी ऐकल्याचा काही पुरावा नाही. एकाच यंत्रावर दोन ठिकाणी दोन माणसांनी स्वतंत्रपणे हात फिरवला, आणि सिंग यांचे श्रेय तेवढ्यानेही कमी होत नाही. भैरव किंवा ललत कानात बसलेल्या मराठी श्रोत्याला त्या तबकडीत युरोपीय संग्राहकापेक्षा जास्त काही ऐकू येईल, म्हणून पुनर्प्रकाशित प्रत अवश्य घ्यावी. जंगलशी भारतीय संगीताचा प्रत्यक्ष सांधा शोधायचा असेल तर तो लंडनच्या हॉक्स्टन स्क्वेअरमधील ‘ब्लू नोट’ या क्लबमध्ये सापडतो. १९९० च्या दशकाच्या मध्याला तेथे रविवारी ‘मेटलहेड्झ’ची रात्र असे आणि सोमवारी तबलावादक तल्विन सिंग यांची ‘अनोखा’. १९९७ चे ‘अनोखा’ संकलन त्याच खोलीतून निघाले, आणि ते आजही अवाजवी भावाशिवाय मिळते.

राहिला मागवण्याचा आणि जपण्याचा प्रश्न. एकेक तबकडी मागवणे परवडत नाही, कारण टपालखर्च आणि सीमाशुल्क मिळून पुष्कळदा तबकडीच्या किमतीच्या पुढे जातात. एकाच विक्रेत्याकडून आठ-दहा नग एकत्र घ्यावेत आणि तबकडी कव्हराच्या बाहेर, वेगळ्या आतल्या पाकिटात ठेवून पाठवायला सांगावे, म्हणजे वाटेतल्या धक्क्यांनी कव्हराची कड फाटत नाही. एप्रिल-मे महिन्यांत पार्सल मागवू नये. दुपारभर तापलेल्या गाडीत राहिलेली तबकडी पापडासारखी वाकते आणि ती सरळ करण्याचे घरगुती उपाय बहुधा तिला आणखी बिघडवतात. घरी तबकड्या उभ्या ठेवाव्यात, एकीवर एक रचू नयेत. मऊ पीव्हीसीची पारदर्शक पाकिटे टाळावीत, कारण त्यातील द्रव्य उतरून तबकडीवर धुरकट डाग पडतात. पॉलिथिनची पाकिटे चांगली. बंद लोखंडी कपाटात पावसाळ्यात ओल कोंडते आणि कागदी कव्हरांना बुरशी येते, म्हणून कपाट भिंतीपासून थोडे दूर ठेवावे, सिलिका जेलच्या पुड्या ठेवून त्या वेळोवेळी वाळवाव्यात आणि जुलै-ऑगस्टमध्ये अधूनमधून दार उघडून हवा खेळू द्यावी. बुरशी तबकडीवरच आली असेल तर डिस्टिल्ड पाणी आणि मऊ मायक्रोफायबर कापड घेऊन खाचांच्या दिशेने गोल पुसावे, आणि पूर्ण कोरडी झाल्यावर नव्या पाकिटात घालावी. जुने कागदी पाकीट पुन्हा वापरू नये, कारण बुरशी त्यातच राहिलेली असते. सुईच्या बाबतीत काटकसर करू नये. अंगभूत स्पीकर असलेल्या, पेटीसारख्या स्वस्त प्लेअरवर जंगलच्या जड बेसला सुई उडते आणि दोष विनाकारण तबकडीवर येतो. पहिल्या दहा तबकड्यांचे पैसे आधी चांगल्या कार्ट्रिजवर (सुई बसवलेल्या भागावर) खर्च करावेत आणि पहिली ऑर्डर नोव्हेंबरमध्ये नोंदवावी.